लाकडाला मरायला वेळ लागतो

सकाळचे साडेसात वाजले होते. दूध उतू जायच्या बेतात होतं, कपडे धुण्याचं यंत्र हट्टी पोरासारखं मधेच गप्प बसलं होतं आणि नवऱ्याचा एक मोजा हरवला होता. वहिनीने एका हाताने गॅस बारीक केला, दुसऱ्या हाताने यंत्राच्या पाठीत गुद्दा घातला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं, "एकाच पायात दोन घातले असतील, बघा!"

आतून पडेल आवाजात, "सापडला."

"माझा भाऊ आहे तो," खिडकीशी चहा घेत बसलेल्या वन्सं म्हणाल्या. "लहानपणी शाळेत दप्तर न घेता जायचा आणि येताना दुसऱ्याचं घेऊन यायचा."

तेवढ्यात दार वाजलं.

दाराला घंटा होती. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ती दाबायचे. हे मात्र कोणी तरी बोटाच्या पेराने वाजवलं होतं. टक. मग थांबून, थोडं खाली, टक. जणू बाहेरचा माणूस दाराचं लाकूड कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ, ते बघत होता. वहिनीच्या मानेवर उगाच काटा आला.

वन्संनी कप खाली ठेवला. "करवतवाला आहे. दुसरं कोणी असं वाजवत नाही."

तोच होता. प्रयोगशाळेच्या आवारात वीस वर्षं करवत चालवणारा, दारात मावणार नाही असा माणूस. एरवी आला की आधी मोठ्याने हसायचा, मग चपला काढायचा. आज चपला कधी काढल्या तेही कळलं नाही. छातीशी ओल्या फडक्यात काही तरी धरलं होतं, तान्हं मूल धरतात तसं.

"बाई," तो म्हणाला, "एक ओळ लिहून द्या. तुमच्या सहीने."

"बस आधी. कसली ओळ?"

"की हे लाकूड मेलेलं आहे. पहिल्यापासून मेलेलंच होतं."

यंत्र नेमकं त्याच क्षणी घरघरत सुरू झालं, आणि वहिनी दचकली.

वन्संकडे असलं काम घेऊन लोक का येतात, हे सांगायला हवं. त्या चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. त्याआधी चौतीस वर्षं त्या लाकडाच्या प्रयोगशाळेत होत्या. सगळे त्यांना 'रंगाच्या बाई' म्हणत. झाड पाडलं की खोडाची भाकरीएवढी चकती त्यांच्या टेबलावर यायची. त्या तिचे कागदासारखे पातळ काप काढायच्या, त्यांवर रंगद्रव्यं घालायच्या आणि झाडाचा किती भाग जिवंत आहे आणि किती मेलेला, ते वहीत लिहायच्या. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं पहिल्या पेरापर्यंत विटकरी झाली होती. साबणाने, लिंबाने, कशानेच तो रंग गेला नाही. लग्न त्यांनी केलं नाही. "ताईला स्थळ दाखवलं असतं तर तिने आधी त्याची चकती कापून बघितली असती," असं नवरा म्हणायचा. वन्सं शांतपणे म्हणायच्या, "दोन बघितली होती. दोन्ही आतून पोकळ."

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला या कामाचं काही कळत नव्हतं. झाड म्हणजे झाड, एक तर हिरवं नाही तर वाळलेलं, असं तिला वाटायचं. पहिल्या वर्षी एका दुपारी वन्संनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाइनची चकती ठेवली आणि तिला समजावलं. सालीलगतचा भाग जिवंत असतो, त्यातून पाणी वर चढतं. आतला भाग मेलेला, तो गाभा. उभं झाड वाऱ्यात डुलत असतं, दरवर्षी नवी पालवी धरतं, आणि त्याच्या पोटात खालपासून वरपर्यंत एक मेलेला खांब असतो.

"पण तो मरतो कसा?" वहिनीने विचारलं होतं.

"मरत नाही, तयारी करून जातो," वन्सं म्हणाल्या होत्या. "खोडात आडव्या ओळींनी बारीक पेशी असतात. वीस-तीस वर्षं त्या फक्त साठवतात. पिष्ट, साखर, थोडं तेल. कोणाला त्रास नाही, कोणाला पत्ता नाही. मग एका वर्षी पाऊसपाणी संपून हवा कोरडी व्हायला लागली की सीमेवरच्या पेशींना काही तरी कळतं. साठवलेलं सगळं त्या एका झटक्यात काढतात. दालचिनीच्या कुळातल्या आम्लाचा एक तुकडा घेतात, त्याला साखरेतून आलेले तीन लहान तुकडे जोडतात आणि विष तयार करतात. पिनोसिल्विन. बुरशी त्याच्या वाटेला जात नाही, किडा जात नाही. ते विष स्वतःभोवतीच्या भिंतींत भरतात. आपला केंद्रक स्वतःच विरघळवून टाकतात. पाण्याच्या नळ्यांमधल्या झडपा लागतात. आणि मग त्या मरतात. पुढची शंभर वर्षं ते लाकूड कुजत नाही."

"त्यांना कळतं कसं, की आपली वेळ आली?"

"ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "कोरडेपणाने असेल, एखाद्या वायूने असेल. सांगणारा कोणी दिसत नाही. पण एका ओळीतल्या सगळ्या जणी एकाच हंगामात स्वयंपाक करतात, जेवत नाहीत आणि जातात."

त्या रात्री वहिनीला झोप लागली नव्हती. घरातल्या पलंगाकडे, चौकटींकडे ती निराळ्याच डोळ्यांनी बघत होती. पुढे सवय झाली. सवय कशाचीही होते. एकदा तर न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक ओंडका पाच महिने पडून होता आणि वहिनी त्यावर बादली ठेवायची. पाचव्या महिन्यात वन्संनी तो कापला, रंग घातला आणि निवांतपणे सांगितलं, "आजपर्यंत जिवंत होता गं. झाड पाडलं म्हणजे मेलं असं नसतं. खोडाला बातमी पोचायला वेळ लागतो." वहिनीने ती बादली त्याच दिवशी भंगारवाल्याला दिली.

आता करवतवाला ओट्याजवळच्या स्टुलावर बसला होता. स्टूल त्याच्याखाली कुरकुरत होतं. फडकं उघडून त्याने हाताच्या पंजाएवढा लाकडाचा तुकडा पुढे केला. एका बाजूला साल होती.

"धाकटीच्या घरातला खांब," तो म्हणाला.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. तिचा नवरा झाडावर चढून फांद्या उतरवायचा, प्रयोगशाळेच्या आवारातच. नऊ महिन्यांपूर्वी चाचणीसाठी पाइनची दोन झाडं पाडायची होती. पहिलं नीट पडलं. दुसऱ्यावर तो चढला आणि दोर निसटला. इस्पितळात पोचेपर्यंत संपलं होतं. पहिल्या झाडाचं खोड आवारात दोन महिने सावलीत पडून राहिलं, त्याला हात लावायला कोणी तयार होईना. शेवटी प्रयोगशाळेच्या साहेबांनी ते धाकटीला देऊन टाकलं. तिच्या खोलीचं छत मधोमध खचायला लागलं होतंच. करवतवाल्याने त्याचा खांब केला आणि छताला लावला. मेहुण्याने शेवटचं पाडलेलं झाड, बहिणीच्या डोक्यावरचं छत धरेल, असं त्याला वाटलं. साल तशीच ठेवली, दिसायला बरी म्हणून.

"लावल्यापासून ती म्हणते, खांबातून आवाज येतो," तो म्हणाला. "भर दुपारी. शिवणाचं मशीन थांबवलं की टक टक. हात लावला तर गार लागतो म्हणते, कपाळ टेकवावं असा. मी हसलो. शेजारणी हसल्या. मग कळलं, ही दुपारचं शिवण बंद ठेवून त्याच्याशी बोलत बसते."

"काय बोलते?" वहिनीने विचारलं.

"मला काय माहीत! मी गेलो की गप्प. आठवडा झाला असेल, तो आवाज थांबला म्हणे. तेव्हापासून मशीनवर कापड टाकून बसली आहे. नीट जेवत नाही. म्हणते, आता सगळं संपलं." त्याने वन्संकडे बघितलं. "बाई, तुम्हीच तेव्हा लिहिलं होतं ना, सालीपर्यंत गाभा आहे म्हणून? गाभा म्हणजे मेलेलं. तेवढं लिहून द्या. तुमचं ती ऐकेल. नाही तर माझी बहीण हातची जाईल."

वन्संनी मान हलवली. ते झाड त्यांना चांगलं आठवत होतं. अडतीस वर्षांच्या पाइनमध्ये गाभा असतो अंगठ्याएवढा, फार तर वाटीएवढा. या झाडात तो जवळजवळ सालीपर्यंत होता, म्हणजे सगळंच न कुजणारं लाकूड. साहेब नाचायचे बाकी राहिले होते. अहवाल छापला गेला, त्यात खाली बारीक अक्षरांत वन्संचं नाव आलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. भावाने तो कागद चौकट करून भिंतीला लावला होता.

"लिहून देते," त्या म्हणाल्या. "पण बघितल्याशिवाय नाही. वहिनी, तुझी ती जखमेवरची बाटली दे."

वहिनीने औषधांच्या डब्यातून आयोडीन काढून दिलं. बटाट्याच्या कापावर टाकलं की तो काळानिळा होतो, तेच. पिष्ट असेल तिथे काळं, नसेल तिथे नुसता पिवळट डाग. वन्संनी दाढीच्या पात्याने तुकड्याचा साय निघावी तसा काप काढला, बशीत ठेवला, दोन थेंब टाकले आणि भिंग डोळ्याला लावलं.

यंत्र थांबलं होतं. नळ ठिबकत होता.

बराच वेळ झाला. वन्सं हलल्या नाहीत.

"काय झालं?" वहिनीने हळूच विचारलं.

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. वहिनीला आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. पिवळट लाकडात आडव्या ओळींनी, टाचणीच्या टोकाहून बारीक, काळे ठिपके. दूर दूर, विझत आलेल्या वस्तीतल्या दिव्यांसारखे, फक्त काळे.

"गाभ्यात पिष्ट नसतं," वन्सं म्हणाल्या. "कधीच नसतं. मरताना ते सगळं खर्च झालेलं असतं."

"मग?" करवतवाला.

"मग हा गाभा नव्हता."

तो उठून उभा राहिला. स्टूल मागे पडलं. "पण तुम्ही लाल रंग बघितला होता. मला दाखवला होता!"

वन्सं उठल्या आणि जेवणाच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग जे झालं ते वहिनी पुढे कितीतरी दिवस विसरली नाही. वन्संनी खिडकीकडे तोंड केलं. डावा हात उचलला, हवेतच काही तरी धरल्यासारखं केलं, खाली ठेवलं. उजवा हात उचलला, खाली ठेवला. मग टेबलाला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या, खिडकीकडे पाठ केली, आणि पुन्हा तेच. डावा. उजवा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आतून मोजे घालून बाहेर आलेला नवरा दारातच थबकला. "ताई?" म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्या खेपेला उजवा हात हवेत उचललेला असताना त्या थांबल्या आणि त्या विटकरी बोटांकडे बघत राहिल्या.

मग त्या खुर्चीत बसल्या.

"माझ्या टेबलावर दोन बाटल्या असायच्या," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणूनच वहिनीला जास्त भीती वाटली. "दोन्ही सारख्या, तपकिरी काचेच्या. लाकडी घोडीत ठेवलेल्या. दोन्हींतलं पाणी लाकडाला लाल करतं. डावी जिवंत पेशीला लागली की लाल. उजवी गाभ्यातल्या विषाला लागली की लाल. मी कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत. साहेब ओरडायचे. मी म्हणायचे, चिठ्ठी पुसली जाते, हात विसरत नाही."

करवतवाल्याने पडलेलं स्टूल उचलून उभं केलं.

"त्या दिवशी चकती टेबलावर आली, आणि बाहेर ओरडा झाला. खिडकीतून मला दिसला तो. झाडाखाली. सगळे धावले. मीही धावणार होते, पण ताजी चकती तासाभरात सुकते, मग तिचा काही उपयोग नसतो. मला वाटलं, एवढं उरकू आणि जाऊ. खिडकीकडे तोंड करून उभं राहवेना. म्हणून मी पलीकडे गेले. पाठ फिरवून. आणि उजव्या हाताची बाटली उचलली."

"पलीकडून..." नवरा म्हणाला.

"पलीकडून उजवी म्हणजे डावी, जिवंतपणाची. गाभ्याची बाटली पाच मिनिटांत रंगते, जिवंतपणाची तासभर तरी घेते. समोर उभी असते तर तेव्हाच कळलं असतं. पण मी चकती तशीच बुडवून इस्पितळात गेले. आले संध्याकाळी. लाल दिसलं, लिहून टाकलं. विटकरी की चेरीसारखं, तेही बघितलं नाही. बघायची इच्छाच नव्हती." त्यांनी विटकरी बोटं मुठीत मिटली. "बाहेर माणूस जात होता, आणि मी आत लाकडात जीव शोधत होते. तो मला सापडला होता. मी त्याला मेलेला म्हणून लिहिलं."

करवतवाला भिंतीला टेकला. "खांब मला जड लागला होता बाई," तो म्हणाला. "उभा करताना. गाभा इतका ओला नसतो हे मला काय कळत नाही? वीस वर्षं कापतोय. पण म्हटलं, बाईंनी लिहिलंय."

ते ऐकून वन्संचा चेहरा जसा झाला तसा वहिनीने कधी पाहिला नव्हता.

नवरा मायाळू माणूस होता, आणि मायाळू माणसं घाईने बोलतात. "ताई, झालं ते झालं. आता त्या पोरीला हे सांगून काय उपयोग? तिच्या डोक्यात आधीच ते बसलंय. यांना हवी ती ओळ देऊन टाक. लाकूड आता तरी मेलेलंच आहे ना?"

"आता जवळजवळ."

"मग खोटं कुठे आहे?"

"पहिल्यापासून," वन्सं म्हणाल्या. "त्याला 'पहिल्यापासून' लिहून हवंय." मग त्या उठल्या. "आणि सालीलगतचं, रसाचं लाकूड आहे ते, गाभा नव्हे. वर्षभरात त्याला बुरशी लागेल. तिच्या डोक्यावर छत आहे. वहिनी, माझ्याबरोबर येतेस? मला एकटीला जाववणार नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी वहिनीला सोबत चल असं कधी म्हटलं नव्हतं. वहिनीने गॅस बंद केला, धुतलेले कपडे तसेच यंत्रात ठेवले आणि चप्पल पायात सरकवली.

धाकटीचं घर गल्लीच्या टोकाला होतं, एकच मोठी खोली. पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. गल्लीत कोणी नव्हतं. भर दिवसाची सामसूम रात्रीपेक्षा वाईट असते. आत शिरल्यावर वहिनीला आधी वास आला. राळेचा, ओल्या सालीचा, दाट जंगलात यावा तसा, चार भिंतींच्या आत. मग खांब दिसला. खोलीच्या मधोमध, सालीसकट, जमिनीतून उगवून छतात घुसल्यासारखा. उन्हाच्या बाजूने राळेचे थेंब ओघळून थिजले होते. त्याला लागून शिवणयंत्र होतं, कापडाने झाकलेलं. आणि खांबाला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन धाकटी बसली होती.

ती तिशीची असेल. केस नीट विंचरलेले, पदर नीट. वेडी वगैरे कुठे दिसत नव्हती. फक्त कोणी तरी बोलणं मधेच सोडून गेल्यावर माणूस बसतं, तशी बसली होती.

"बाईंना आणलंय," करवतवाला म्हणाला. त्याने वन्संकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती. अजूनही.

वन्संनी खांबावर तळवा ठेवला. बराच वेळ. खांब कोरडा होता. खिशातून पातं काढून त्यांनी सालीखालचा एक लहान काप घेतला, घरून आणलेल्या कुपीतला थेंब टाकला. पाच मिनिटं सगळे त्या कापाकडे बघत राहिले. काप हळूहळू विटकरी झाला, अगदी वन्संच्या बोटांसारखा.

"ही गाभ्याची बाटली," वन्सं म्हणाल्या. "या वेळी चिठ्ठी लावलेली आहे." मग त्या धाकटीसमोर, जमिनीवरच बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या जमिनीवर बसत नसत. "हा विषाचा रंग. सालीखालच्या लाकडात एरवी हे विष नसतं. हे याने इथे केलंय, तुझ्या खोलीत, वाळता वाळता. जे काही साठवलं होतं ते काढून. त्याला वाळायला सात महिने लागले. तोवर तो जिवंत होता. मी कागदावर लिहिलं की मेलेला आहे. ते चुकीचं होतं. माझ्या हातून चुकलं."

"बाई!" करवतवाला म्हणाला.

"त्या टकटकीचं काय ते मी छातीठोक सांगू शकत नाही. वाळताना लाकूड तडकतं, आतले पाण्याचे धागे तुटतात, त्याचाही आवाज होतो. पण गार लागत होता म्हणालीस, तो आत पाणी होतं म्हणून. तुला जे कळलं ते खरं होतं. तुला हसले ते सगळे चुकले, आणि ते माझ्या कागदामुळे."

धाकटीने पहिल्यांदा मान वर केली. वहिनीला वाटलं, आता ही रडणार, किंवा किंचाळणार, आणि आपण काय करायचं. पण धाकटीने भावाकडे बघितलं.

"ऐकलंस, दादा?"

त्याने मान खाली घातली.

"दादाला वाटतं, मी खांबाला नवरा समजते," धाकटी म्हणाली. आवाज बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत होता. "बाई, माझा नवरा घोरायचा. भिंती हलायच्या. असं हळू हळू बोलणं त्याला सात जन्मांत जमलं नसतं." ती किंचित हसली. "मला एवढंच वाटायचं की त्या सकाळचं काही तरी अजून चालू आहे. त्याने हात लावलेलं. सगळ्यांचं त्या दिवशी आटपलं होतं, इस्पितळाचं, कागदांचं, रडण्याचं. फक्त याचं आटपलं नव्हतं. मी याला रोज काय झालं ते सांगायचे. किती झगे शिवले, कोणी काय टोमणा मारला. मग एक दिवस मशीन थांबवलं, आणि काहीच नाही. मी तासभर थांबले. तेव्हा मला कळलं, आणि ते सांगायला कोणीच नव्हतं. कोणाला सांगणार, खांब गेला म्हणून?"

करवतवाला दाराकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"खांब बदलावा लागेल," वन्सं म्हणाल्या. "विष केलंय, पण थोडंसं. छत धरायला ते पुरणार नाही. दादा चांगलं लाकूड बघेल, मी स्वतः तपासून देईन. वहिनी शेजारी उभी राहून चिठ्ठ्या वाचेल."

"वाचेन," वहिनी म्हणाली.

"आणि उद्या मी प्रयोगशाळेत जाते. त्या झाडाचं पान वहीत अजून तसंच आहे. त्याच्या बियांची रोपं करायची ठरलीत, गाभा मोठा म्हणून. ती थांबवायला हवीत. अहवालात माझं नाव आहे, ते खोडतील. खोडू दे." त्यांनी पिशवीतून एक वही काढली, पेन काढलं. "नवं पान लिहायचंय. झाड कधी पाडलं ते मला माहीत आहे. आवारात किती दिवस होतं ते माहीत आहे. शेवटचा दिवस मला माहीत नाही. माझ्या कुठल्याच बाटलीला तो सांगता येणार नाही."

धाकटी त्यांच्याकडे बघत होती.

"तो कोणत्या दिवशी थांबला," वन्सं म्हणाल्या, "तेवढं मला सांग. वहीत लिहायचंय."